चांदीची घट

"चांदी झाली बुवा त्याची!" असं आपण कोणाबद्दल म्हणतो? ज्याला ऑनसाईट मिळालं, ज्याचे शेअर्स वर गेले, ज्याला कांदिवलीच्या भावात दादरला फ्लॅट मिळाला, त्याच्याबद्दल. म्हणजे आपल्या भाषेत चांदी हा फायद्याचा शब्द आहे. गंमत अशी की जे लोक खरोखर चांदीत काम करतात, त्यांच्या तोंडी दिवसभर जो शब्द असतो तो तोट्याचा आहे. तो शब्द म्हणजे 'घट'.

गेले सहा महिने मी दर शनिवारी गिरगावात ठाकूरद्वाराजवळ चांदीकाम शिकायला जातेय. चाळीच्या तळमजल्यावर एका काकांचा छोटा कारखाना आहे (सोनार लोक दहा बाय बाराच्या खोलीलाही 'कारखाना' म्हणतात). आम्ही चौघं शिकणारे आहोत: एक आर्किटेक्ट, एक दातांची डॉक्टर, एक रिटायर्ड बँकवाले आणि अस्मादिक. हा छंदाचा रिपोर्ट नाही, घाबरू नका. पण या शिकण्यातून एक धागा हाताला लागला. तो ओढत गेले तर फोर्टातल्या टांकसाळीपर्यंत आणि तिथून आमच्या आजीच्या लालबागच्या खोलीपर्यंत पोचले. आजचा लेख त्या धाग्याबद्दल.

आधी थोडं तंत्र, कारण पुढचा इतिहास त्यावरच उभा आहे.

नवशिक्याला पहिली वस्तू करायला देतात ती साधी अंगठी. चांदीची पट्टी करवतीने कापायची, ठोकून वाकवायची, टोकं जुळवायची आणि सांधायची. ठोकता ठोकता चांदी कडक होते. मग ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते. दिवा मालवायचा आणि अंधारात चांदी अगदी मंद लाल दिसली की ज्योत काढायची. ते तापमान साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सियस. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते. आता सांधायचं कसं? दोन टोकं वितळवून चिकटवायला गेलं तर अख्खी अंगठी वितळेल. म्हणून आधी वितळणारा एक मिश्रधातू मध्ये घालतात. त्याला 'डाक' म्हणतात. त्यात चांदी असतेच, पण सोबत तांबं आणि जस्त. जुने सोनार चांदीत सरळ पितळ मिसळून डाक करत. सांध्याला टाकणखार लावायचा, डाकेचे बारीक तुकडे ठेवायचे आणि आच द्यायची. पूर्वी हे बागेसरीतल्या निखाऱ्यांवर फुंकणीने व्हायचं, आता गॅसच्या टॉर्चने होतं. डाक पाण्यासारखी सांध्यात पळते, तो क्षण बघण्यासारखा असतो.

आता यातून निघणारे तीन मुद्दे बघा.

एक, प्रत्येक सांध्यागणिक दागिन्यात चांदी नसलेलं काहीतरी शिरतं. अंगठीला एकच सांधा असतो, पण पैंजण किंवा कमरपट्टा घ्या. कडी न् कडी सांधलेली. असा दागिना आटवला की सगळी डाक त्यात मिसळते आणि गोळ्याचा कस उतरतो.

दोन, कानस, करवत आणि आच प्रत्येक वेळी थोडी चांदी खातात. कण जमिनीवर पडतात, कपड्यांवर बसतात, नखांत जातात. या कणांवर जगणारी माणसं होती आणि आहेत. सोनारांच्या दुकानांतला केर आणि झवेरी बाजारातल्या गटारांतला गाळ धुऊन त्यातून सोनं-चांदी काढणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. कचऱ्यालाही भाव असतो, याहून चांगला पुरावा काय हवा?

तीन, आणि हा मला सगळ्यात भारी वाटला. तांबं मिसळलेली चांदी तापवली की काळवंडते. मग ती चिंचेच्या पाण्यात किंवा सौम्य अ‍ॅसिडमध्ये उकळतात. त्याने पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं, चांदी राहते. हे तीनचार वेळा केलं की वस्तूवर जवळजवळ शुद्ध चांदीची पांढरीशुभ्र साय येते. आत काहीही असो, वरून चोख! म्हणूनच जाणता सोनार जुना दागिना कसोटीच्या दगडावर घासण्याआधी त्याला कानस मारून आतला धातू उघडा करतो.

थोडक्यात, दागिना हातात धरून त्यात चांदी किती आहे हे विकणाऱ्या बाईला कळू शकत नाही. ते सोनाराला कळतं. घट किती लागली हेही तोच सांगणार. सगळा डेटा एकाच बाजूला! आमच्या काकांना हे म्हटलं तर ते हसले. म्हणाले, "अगं, म्हणून तर सोनार आईच्या दागिन्यातलंही चोरतो असं लोक म्हणतात. चोरत नसला तरी म्हणणार. दिसत नाही ना त्यांना."

तर आता इतिहास.

सोनाराला चांदी मिळायची कुठून? बऱ्याचदा खिशातून, म्हणजे रुपयाच्या नाण्यांतून. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळ्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर १ तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. यामुळे हिशोब किती सोपा झाला बघा. तराजूच्या एका पारड्यात नाणी, दुसऱ्यात दागिना. घरात चार पैसे जमले की रुपये सोनाराकडे द्यायचे आणि तोडे, वाळे, सरी, कमरपट्टा करून घ्यायचा. अडचण आली की उलट प्रवास. बँक नसलेल्या घरांची ही बँक होती, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या अंगावर असायची.

पण बँकेला पाठबळ लागतं. ते होतं फोर्टात. आज रिझर्व्ह बँकेसमोर जी टांकसाळ दिसते, ती इमारत १८२४ ते १८३० या काळात बांधली गेली, आतली यंत्रं वाफेवर चालणारी. त्या काळचा नियम असा होता: कोणीही चांदी घेऊन यावं. टांकसाळ तिचा कस काढणार, सुमारे २ टक्के खर्च कापणार आणि बाकीच्याचे रुपये पाडून देणार. आता गिरणगावातली बाई काही दोन तोडे पदरात बांधून टांकसाळीच्या दारात जात नव्हती. जायचे ते सराफ आणि व्यापारी. पण सराफाला टांकसाळीचा नियम माहीत होता आणि सोनाराला सराफाचा भाव. त्यामुळे अगदी तळाशी एक भाव पक्का होता. गल्लीतला सोनार कितीही बट्टा कापो, त्याच्याखाली जायला त्याला मर्यादा होती. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमधल्या लोकांनी मोडलेले दागिने शेवटी याच टांकसाळीत येऊन रुपये झाले.

मग २६ जून १८९३ ला सरकारने हे दार बंद केलं.

कारण आपल्याकडचं नव्हतंच. १८७१ नंतर जर्मनी सोन्याच्या चलनाकडे वळला, पाठोपाठ युरोपातले बाकीचे देश. तिकडे अमेरिकेत नेवाडातल्या खाणींतून चांदीचा पूर आला. जगात चांदी स्वस्त होत गेली आणि चांदीचा रुपयाही. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगावर आला. सरकारला दरवर्षी लंडनला पेन्शनी, व्याज वगैरेंचे पैसे पौंडांत पाठवायचे होते, त्यामुळे त्याची पंचाईत झाली. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीने सल्ला दिला आणि कायदा झाला: यापुढे लोकांच्या चांदीचे रुपये पाडून मिळणार नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर एक पब्लिक फंक्शन एका रात्रीत प्रायव्हेट केलं.

याचा परिणाम काय? रुपया हळूहळू १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला, पण चांदी पडतच राहिली. १९व्या शतकाच्या अखेरीस रुपयाच्या नाण्यातल्या चांदीची किंमत १०-११ आण्यांवर आली होती. नाणं मात्र १६ आण्यांचं. म्हणजे तोळाभर चांदीचं नाणं खिशात असेल तर सोळा आणे, आणि तीच चांदी पायात पैंजण म्हणून असेल तर दहा-अकरा. त्या बाईने काहीही केलं नव्हतं. दागिना तोच, वजन तेच. आगीत न घालताच घट लागली, तीही तिसरा हिस्सा.

आणि वेळ कुठली? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. ज्या दिवसांसाठी माणसं चांदी साठवतात, नेमके ते दिवस.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. टांकसाळीपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या १ लाख रुपयांतून १८५७ मध्ये सुरू झालेलं. देशी कारागिरी मरतेय, ती वाचवली पाहिजे असं वाटणारे बरेच साहेब तिथे होते. १८६५ मध्ये आलेले लॉकवूड किपलिंग, म्हणजे रुडयार्डचे वडील, त्यांपैकीच. १८९१ मध्ये तिथे 'लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स' सुरू झाल्या, धातुकामासारख्या कारागिऱ्या शिकवण्यासाठी. आजही जे.जे.त धातुकाम शिकवतात. पुढे तिथलेच प्रिन्सिपॉल सेसिल बर्न्स यांनी १९०४ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सोन्या-चांदीच्या कामावर एक अख्खी पुस्तिका लिहिली. म्हणजे १८९१ मध्ये सरकारचा एक हात कारागिरी वाचवायला वर्कशॉप काढतोय आणि दोनच वर्षांनी दुसरा हात त्या कारागिरीच्या गिऱ्हाइकाची पुंजी कापतोय. दोघांची भेट झाली नसावी. मोठ्या कंपनीत काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. :)

सोनारांवरही सरकारी कायद्याने गदा आली, पण ती नंतर. जानेवारी १९६३ मध्ये, चीन युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी! देशभर हजारो सोनारांची भट्टी थंड झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. १९६८ मध्ये वेगळा कायदा झाला, तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. आमच्या काकांचे वडील त्या ६३ सालात सोन्यावरून चांदीवर आले, आणि काका चांदीतच राहिले. त्यांची मुलं या धंद्यात आली नाहीत. म्हणून शनिवारी आम्ही चौघं.

आता आजीकडे येते.

आमच्या आजीचा एक कमरपट्टा होता. तो तिच्या सासूने, म्हणजे माझ्या पणजीने, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याकडच्या गावात करून घेतलेला. घरात सांगायचे, "चाळीस रुपये आटवून चाळीस तोळ्यांचा पट्टा." लग्नानंतर तो आजीकडे आला आणि तिच्याबरोबर लालबागला.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. आजोबा साचेवाले होते. पगार बंद. आधी किराण्याची उधारी, मग पितळेची भांडी, मग पावसाळ्यानंतर कधीतरी कमरपट्टा. आजी तो घेऊन एका सोनाराकडे गेली. त्याने वजन केलं, कसोटी लावली आणि तीस तोळ्यांचे पैसे हातावर ठेवले. "घट आहे, वहिनी," एवढंच म्हणाला.

आमच्या घरात हा सोनार चाळीस वर्षं चोर आहे. त्याचं दुकान केव्हाच गेलं, तोही गेला असेल. पण 'दहा तोळे खाल्ले मेल्याने' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. दर गणपतीत, दर लग्नात.

चांदीकाम शिकायला लागल्यावर मी हा हिशोब मांडायला बसले. पट्टा रुपयांचा, म्हणजे कस फार तर ९१.७ टक्के. चाळीस तोळ्यांत शुद्ध चांदी ३६.७ तोळे. सव्वातीन तोळे इथेच गेले, आणि ते कोणी खाल्ले नव्हते, ते पहिल्यापासून तांबं होतं. डाक आणि आटणीतली घट धरली तर आणखी तोळाभर. तरी पाचएक तोळ्यांचा हिशोब लागत नव्हता.

मग लक्षात आलं की प्रश्न 'किती रुपये' हा नाही, 'कुठल्या सालचे रुपये' हा आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आणली. वजन तेच, एक तोळा. छाप राजाचीच. १९४१ ते १९४३ या काळात जुने राणीछाप आणि इतर चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला, चांदी शून्य. पणजीने पट्टा केला १९४६ च्या सुमारास. तिच्या गाडग्यात काही जुने बंदे रुपये असतील आणि काही युद्धातले निम्म्या चांदीचे. समजा २५ जुने आणि १५ नवे. २५ चे २२.९ तोळे, १५ चे साडेसात. एकूण ३०.४. त्यातून आटणीची घट वजा करा.

तीस तोळे.

हा पुरावा नाही, हे मलाही कळतं. २५ आणि १५ हे आकडे माझे आहेत. पट्टा उरलेला नाही, मोडलेल्या चांदीचं पुढे काय झालं कोण सांगणार? पण तीस हा आकडा प्रामाणिक असू शकतो, एवढं मात्र मला पटलं. दहा तोळे सोनाराने खाल्ले नसतील. ते बहुधा त्या पट्ट्यात कधी नव्हतेच. नाणं पाडणाऱ्याने ते आधीच काढून घेतले होते आणि पणजीला वाटलं रुपया तो रुपया.

आजी आता ८३ वर्षांची आहे, कान तेवढे मंद झालेत. मी कागदावर आकडे मोठ्ठे लिहून तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे मी त्याला उगाच शिव्या घातल्या म्हणतेस?"

"तसं असू शकतं, आजी."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "घेते शिव्या परत. पण त्याने सांगायचं ना मला. कस लावला तेव्हा त्याला दिसलंच असेल की. नुसतं घट आहे म्हणाला. कसली घट, किती घट, कशाने घट? मी काय अडाणी होते?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. १८९३ च्या कायद्यालाही हाच प्रश्न विचारता येईल, १९४० च्या नाण्यालाही. घट लागतेच, तो धातूचा स्वभाव आहे. पण ती किती आणि का, हे मोडणाऱ्याला समोर बसवून सांगायचं की नाही, हा माणसाचा प्रश्न आहे. टांकसाळीच्या जुन्या दाराचं मोल मला त्यासाठी वाटतं. २ टक्के कापायचे, पण नियम सगळ्यांना माहीत होता.

आपल्याकडे तसं दार पुन्हा किलकिलं व्हायला शतकाहून जास्त काळ गेला. सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये आलं, चांदीचं २००५ मध्ये. सोन्याला ते २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, चांदीसाठी मात्र ऐच्छिक म्हणून सुरू झालं. इंग्लंडात चांदीच्या कसावर छाप मारायचा कायदा १३०० सालचा आहे, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर दहाच वर्षांनी. असो.

लेख लांबला, पण जाता जाता कामाचं. घरी कपाटात जुनी चांदी असेल आणि ती मोडायची वेळ आली, तर एवढं करा. घरीच वजन करून लिहून ठेवा. नाण्यांची असेल तर कुठल्या काळातली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. दुकानातलं मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं, म्हणून वस्तू आटवून मग कस काढायला सांगा. आटवताना समोर उभे राहा, आटवण्याआधीचं आणि नंतरचं वजन कागदावर घ्या. चांगला सोनार यावर रागावत नाही. आमचे काका तर गिऱ्हाइकाला स्टूल देऊन समोरच बसवतात.

मी माझ्या प्रत्येक वस्तूसाठी एक वही ठेवली आहे. चार रकाने: घेतलेली चांदी, वस्तूत गेलेली, भुशात सापडलेली, न सापडलेली. चौथा रकाना अजून एकदाही शून्य आलेला नाही. काका म्हणतात, येणारही नाही. पण तो रिकामा सोडायचा नाही.